हसत नेसलेलं लुगडं

उस्मानचाचा कोणाच्याही घरी गेले की आधी उशीची खुशाली विचारायचे, माणसांची मग. उंबऱ्याशी जोडे काढायचे, सलाम म्हणायचं आणि जी पहिली उशी दिसेल तिच्याजवळ उकिडवं बसून तिचं पोट दाबून बघायचं. वैद्य आजाऱ्याचं बघतो ना, अगदी तसं. मग मान हलवायची.

"हिले दमा हाये. आतल्या आत दम घुटून राह्यला बिचारीचा."

दुसरी दाबायची. "ही तब्येतीनं बरी हाये, पन हिच्या मनात गाठ हाये."

घरातला माणूस तापानं फणफणलेला असला तरी त्याच्या डोक्याखालची उशी काढून घ्यायला ते मागंपुढं बघत नसत. वर त्यालाच सांगायचे, "तुहा ताप तं उतरन रे बाबू, हिचं काय व्हईन ते सांग."

मी रिसोडला सून म्हणून आले तेव्हा चौदा वर्षांची होते. आमची माळ्यांची घरं गावाच्या कडेला, त्याच्यापुढं लगेच भाजीचे मळे. आमच्या घराला लागून एक भिंत सामाईक, आणि भिंतीपलीकडं उस्मानचाचा. जातीनं, धंद्यानं पिंजारी. पिंजारी म्हणजे कापूस पिंजून देणारा. आढ्याला दोरीनं एक भलं मोठं धनुष्य टांगलेलं असतं, त्याला पिंजण म्हणतात. त्याची दोरी आतड्याची, ती तात. कापसाच्या ढिगात ती तात धरायची आणि लाकडी मोगरीनं तिला ठोके द्यायचे. कापूस फुलतो, त्यातली उरलीसुरली सरकी गळून पडते, आणि तंय् तंय् असा आवाज निघतो.

तो आवाज मी सासरच्या पहिल्या सकाळी ऐकला. मला वाटलं शेजारी कोणी भजनी माणूस राहतो. मी आत्याबाईंना विचारलं. सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणायचे.

"आत्याबाई, एवढं चांगलं कोण वाजवते?"

"वाजवत नाई वं, पिंजून राह्यला तो. पन त्याच्या तोंडावर असं म्हनू नको. त्याले वाटते तो वाजवतोच."

आणि खरं सांगते, ते वाजवायचेच. जुन्या गादीचा कापूस असला तर संथ, नव्या पिकाचा असला तर घाईघाईनं. कोणाचा कापूस कोणत्या चालीवर फुलतो हे त्यांना ठाऊक असायचं म्हणे. चाल सापडली नाही की काम परत. गिऱ्हाईक म्हणायचं, "चाचा, आठ दिवस झाले." चाचा म्हणायचे, "बोलतच नाई तुहा कापूस. काय करू? जबरदस्ती करू?"

दिसायला उंच, हडकुळे. दाढीत सदा कापसाचे तंतू अडकलेले, त्यामुळं दाढी पिकलेली किती आणि कापूस किती हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. "रुई खोटं बोलत नाई" हे त्यांचं पालुपद. रुई म्हणजे पिंजलेला कापूस. हे वाक्य ते भाव करताना म्हणायचे, भांडताना म्हणायचे आणि पाऊस येणार की नाही हे सांगतानाही म्हणायचे.

एकदा गावातल्या एका कापूसवाल्या व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. वऱ्हाड उतरलेल्या जानोशात नवरदेव बाशिंग बांधून गादीवर बसलेला. गादी नवी, बाहेरगावाहून आणलेली. चाचा आशीर्वाद द्यायला गेले. बसल्या बसल्या त्यांचा हात सवयीनं गादीकडं गेला, आणि चेहरा पडला.

"नवरदेवाले उठवा."

"काहून?"

"गादीत सरकी हाये. लग्नाच्या गादीत ज्याले सरकी टोचली, तो जिंदगीभर कूस बदलत राह्यते."

पुरुष हसले, पण वरपक्षाच्या म्हाताऱ्या घाबरल्या. लग्नात म्हाताऱ्या घाबरल्या की संपलं. गादी उसवली. चाचांनी घरून पिंजण मागवलं आणि अंगणातल्या कडुनिंबाला टांगलं. कापूस उडतोय, घोडी शिंकतेय, वाजंत्रीवाले तोंडाला फडकं बांधून बसलेत, नवरदेव बाशिंगासकट भिंतीला टेकून उभा, आणि भटजी मुहूर्त चालला, मुहूर्त चालला म्हणून ओरडताहेत. एवढं सगळं करून सरक्या निघाल्या किती, तर तीन. चाचांनी त्या तळहातावर घेऊन एकेका पाहुण्याला दाखवल्या. भटजींनाही दाखवल्या. भटजींनी मग पंचांगात दुसरा मुहूर्त शोधला, दुसरं करणार काय. ते जोडपं पुढं फार सुखानं नांदलं. चाचा त्याचं सारं श्रेय त्या तीन सरक्यांना द्यायचे.

पण ही झाली धंद्याची बाजू. गावात कोणाच्याही घरी लेकरू जन्मलं, की त्याची पहिली रजई चाचांची असायची. हातभर लांबीची. पैसा घेत नसत, शिधा घेत नसत, चहासुद्धा नाही. हिंदूच्या घरी बारशाला, मुसलमानाच्या घरी छठीला, रजई खांद्यावर टाकून हजर. मागायचे फक्त एक जुनं लुगडं, रजईच्या खोळीसाठी. लेकराच्या अंगाला पहिले दिवस नवं कापड लावत नाहीत हे तुम्हाला माहीत आहेच. पण चाचांना जुनंही कसलंही चालत नसे.

"जुनं द्या, धुतलेलं द्या, अन् हसत नेसलेलं द्या."

"हसत नेसलेलं म्हंजे?"

"ज्या लुगड्यात भांडन झालं, ते नको. लेकराच्या अंगाले खाज सुटते."

आता लुगडं हसत नेसलेलं की रडत, याचा हिशेब कोणती बाई ठेवते? पण घरोघर बायका ट्रंका उघडून बसायच्या. हे नको, हे नेसून मी दिराशी भांडले होते. हे नको, हे नेसून माहेरून परत आले होते. एका घरी तर सासू-सुनेनं सारी ट्रंक रिकामी केली आणि एकही बिनभांडणाचं लुगडं निघेना, म्हणून दोघी एकमेकींकडं बघून हसत सुटल्या. चाचा म्हणाले, "बस. आत्ता जे अंगावर हाये ना, तेच द्या."

रजईबरोबर पाळणा. म्हणजे गाणं. दर लेकराला नवं, त्याचं स्वतःचं. चाचांनी उभ्या जन्मात अक्षर गिरवलं नव्हतं, पण पिंजता पिंजता ओळी जुळवायचे. पाळण्यात राम-कृष्ण नसायचे, घरातलेच लोक असायचे.

नाक बापाचं, कान मायचे,
रडने अगदी आज्याचे.

एका घरच्या आजीनं नातवाच्या जन्माची साखर अगदी चिमूट चिमूट वाटली होती. चाचांनी भर बारशात गायलं:

आजीनं साखर वाटली गावाले,
मुंगी बसली रडत दाराले.

आजी लाल झाली. म्हणाली, ओळ बदला. चाचा म्हणाले, "रुई खोटं बोलत नाई, मी कसा बोलू?" तिसऱ्या दिवशी त्या बाईनं घरोघर फिरून पुन्हा साखर वाटली, भरल्या वाटीनं. चाचांनी त्याच संध्याकाळी ओळ बदलली. मुंगी आता हसत होती.

अडचण एकच होती. चाचा विसरायचे. एकदा त्यांनी दोन घरी तोच पाळणा म्हटला, आणि दोन्ही आया महिनाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. त्याच सुमारास त्यांनी मला वाचताना पकडलं.

मला अक्षरं यायची ते काही शाळेत जाऊन नाही. माझं माहेर कामरगावचं. भाऊ शाळेतून येऊन पाटीवर गिरवायचा, मी चुलीपुढच्या राखेत. सासरी हे कोणाला माहीत नव्हतं आणि मी सांगितलंही नव्हतं. एका दुपारी ओसरीवर गूळ बांधून आलेला छापील कागद सरळ करून मी ओठ हलवत बसले होते. चाचा दारात.

"काय करून राह्यली, सूनबाई?"

"काई नाई, पुडी पाहून राह्यली."

"पुडी पाहताना तोंड काहून हालते?"

त्यांनी दुसऱ्याच दिवशी लाल कापडाची एक वही आणि दौत-टाक आणून आत्याबाईंपुढं ठेवले. आत्याबाईंनी वहीकडं असं पाहिलं, जसं काही मांजरानं उंदीर आणून टाकलाय.

"उस्मानभाई, सुनेनं लिहायले बसावं तं वांगे कोन तोडन?"

"वांगे तोडून झाल्यावर लिहिन ना भाभी. अन् तुमच्या साऱ्या घराच्या गाद्या मी दर दिवाळीले पिंजून देईन."

आमच्या गाद्या फार वाईट होत्या. आत्याबाई कबूल झाल्या.

मी लिहायला लागले तेव्हा मला कुठं थांबावं हे कळत नसे. चाचा जे बोलतील ते सगळं मी उतरवायची. पहिलाच पाळणा लोहाराच्या नातीचा. चाचा सांगत होते, मध्येच म्हणाले, "थांब, खोकला आला." मी तेही लिहिलं. बारशाला मी वाचून दाखवायचं आणि चाचांनी चालीवर म्हणायचं असं ठरलं होतं. मी वाचलं, "डोळे तुहे मोराचे, थांब खोकला आला." मी घाबरले. चाचांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि तसंच्या तसं गायलं, खोकल्यासकट. मागून मला म्हणाले, "लिहेल हाये म्हंजे असन. कागद काय खोटं बोलते?" त्या लोहाराच्या नातीला आता नातवंडं आहेत. ती अजून त्यांना तोच पाळणा म्हणते, आणि खोकल्यापाशी आली की लेकरं खदखदून हसतात.

अशी चार वर्षं गेली. अर्धी वही भरली. माझं अक्षर चिखलात कोंबडी चालल्यासारखं होतं ते हळूहळू शेतातल्या वाफ्यांसारखं झालं. आज मी चार ओळी लिहिते, कोणी कोणी वाचतं, ते त्या वहीचं देणं आहे. हे मला आधीच सांगून टाकायचं होतं, कारण यापुढचं सांगताना मी कधी कधी मध्येच थांबते.

त्या वर्षी पौषात माझी पहिली मुलगी आठव्याच महिन्यात झाली. तीन दिवस राहिली. चौथ्या दिवशी सकाळी आमच्या ह्यांनी तिला मळ्याच्या बांधाला नेलं. आत्याबाईंनी जमीन सारवली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "नाव नवतं ठेवलं, बरं झालं. नाव ठेवलं की जीव अडकते. आता तिचं काढायचं नाई." घरात कोणी काढलंही नाही. आपल्याकडं रीतच तशी. बारसं झालं नाही तर लेकरू झालंच नाही.

मी वांगी तोडत होते, मिरच्या तोडत होते, भाकऱ्या टाकत होते. फक्त वहीला हात लावत नव्हते. दौतीतली शाई वाळून तिला भेगा पडल्या. त्या महिन्याभरात गल्लीत तीन लेकरं जन्मली. चाचा तिन्ही वेळा आमच्या ओसरीपर्यंत आले, माझ्याकडं पाहिलं आणि परत गेले. तिन्ही पाळणे ते विसरले. बारशाला जाऊन जुनंच काहीतरी गायले म्हणे. बायका म्हणायला लागल्या, चाचा म्हातारे झाले. मला आतून कळत होतं की ते माझ्यामुळं होतंय, आणि तरी हात वळत नव्हता. हे असंच चाललं असतं तर मी पुन्हा कधी लिहिलं नसतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

मग एका दुपारी आम्ही दोघी ओसरीवर मिरच्यांचे देठ तोडत होतो, तेव्हा चाचा आले. खांद्यावर हातभर रजई.

आत्याबाई म्हणाल्या, "घर चुकले का उस्मानभाई? लेकरू सुताराच्या घरी झालं."

"नाई चुकलो. तुमच्याच घरी आलो."

"आमच्याइथं कुठं हाये लेकरू?"

"व्हतं ना भाभी. तीन दिवस व्हतं." त्यांनी रजई माझ्यापुढं ठेवली. "तीन दिवस थंडी तं वाजलीच असन तिले. मी नवव्या महिन्यात रुई काढून ठेवतो, तिनं आठव्यातच बोलावलं. माही चूक झाली. सूनबाई, वही आन."

मी म्हटलं, "चाचा, तिले नाव नाई."

"तीन दिवस तू तिले काय म्हनत होती?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या खाली बघून देठ तोडत होत्या. मी हळूच म्हटलं, "सांबारकाडी." सांबार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर. तिची बोटं कोवळ्या कोथिंबिरीच्या काड्यांसारखी होती, माळ्याच्या बाईला दुसरं काय सुचणार. मला वाटलं चाचा हसतील. त्यांनी डोळे मिटले.

"लिही. सांबारकाडी."

दौतीत पाणी घालून मी शाई कालवली आणि लिहिलं:

सांबारकाडी, सांबारकाडी,
तीन दिवसांत पाहून गेली
मायची मांडी, बापाची वाडी.

मी तेव्हा रडले. महिन्याभरात पहिल्यांदा. चाचांनी रडू दिलं. आत्याबाईंचे हात थांबले होते, मिरची तशीच बोटांत होती.

"माहे दोन लिहा," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं की आमच्या ह्यांच्या आधी त्यांना दोन झाले होते.

"काय म्हनत होत्या भाभी त्याइले?" चाचांनी विचारलं.

"पयल्याले राजा म्हनत होती. दुसऱ्याले काईच म्हनलं नाई. भ्याली होती मी."

"मंग आता म्हना."

आत्याबाईंनी बोटांतली मिरची खाली ठेवली. मग म्हणाल्या, "त्यालेबी राजाच."

दोन्ही राजे वहीत लिहिले. पुढं कितीतरी बाया दुपारच्या अशा येऊन बसल्या, आणि त्या वहीचा मागचा भाग सारा बारसं न झालेल्या लेकरांचा आहे. त्यांच्यासाठी शिवलेल्या रजया चाचा गरजू बाळंतिणींना नेऊन द्यायचे, मेडशीपर्यंत. बाया शिवायला बसायच्या, चाचा रुई द्यायचे. चाचा नाहीत आता, पण गल्लीत लेकरू झालं की पहिली रजई अजून आमच्या ओसरीवरून जाते. पण ते पुढचं. त्या दुपारी मी दुसऱ्या राजाच्या ओळीखाली रेघ मारली, आणि आत्याबाई म्हणाल्या, "उस्मानभाई, अन् जैबूचं कवा लिहिनार?"

हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. चाचांची बायको मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली, एवढंच गल्लीत बोललं जायचं.

चाचांनी दाढीतला एक तंतू काढला आणि बोटांवर गुंडाळत बसले. "मी मेडशीले होतो, सूनबाई. थंडीचे दिवस, घरोघरचं काम. दोन दिवस जास्त थांबलो. इकडे मायलेकी, जैबू अन् तिची माय, दोघी तापात. घरात एकच रजई, अन् तिच्यात गोळे झालेले. जाईन तवा पिंजीन, येईन तवा पिंजीन, म्हनत तशीच राह्यली होती. पिंजाऱ्याच्या घरची रजई." त्यांनी तंतू दुसऱ्या बोटावर घेतला. "आलो तं शेजाऱ्यायनं दोघीइले माती देऊन टाकली होती. साऱ्या गावच्या पोरायचे गाने येतात मले. तिचं येत नाई. मोगरी उचलतो, तात बोलतच नाई."

मी वही पुढं ओढली. आतापर्यंत मी दुसऱ्यानं सांगितलेलंच लिहीत आले होते. त्या दिवशी कोणी काही सांगत नव्हतं. तरी लिहिलं.

"काय लिहिलं?" चाचांनी विचारलं.

मी वाचलं. "नीज जैबू नीज, तुहा बाप गावोगावची थंडी येचून राह्यला."

ते म्हणाले, "अजून एक डाव वाच."

मी वाचलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, मी पुन्हा वाचलं. ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं. चुलीची वेळ झाली, आणि मी वही मिटायला लागले. तेवढ्यात आत्याबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, आत गेल्या, आणि आतून म्हणाल्या, "वाच वं तू. भाकरी मी टाकते."